कॉम्प्युटरातली बाळंतीण

अमृतच्या कॉम्प्युटर क्लासात वास मारायला लागला तो दिवाळीची सुट्टी संपल्यावर, आणि पहिला संशय गेला पोरांच्या पायमोज्यांवर. त्यात अमृतची काही चूक नव्हती. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत बूट घालून शिरणं म्हणजे देव्हाऱ्यापुढं चपला घालून उभं राहण्यासारखं होतं. धुळीनं मशीन आजारी पडतं, असं आख्खा जुन्नर तालुका मानायचा. मग ओतूरच्या कॉलेजातनं सुटलेली पोरं बूट दाराबाहेर काढायची, दिवसभर पिकवलेले मोजे घेऊन आत बसायची, आणि वर पंखा बंद, कारण कागद उडतात. आता असल्या खोलीला वास येईल नाही तर काय केवडा येईल?

"उद्यापासनं पाय धुऊन यायचं," अमृतनं जाहीर केलं. पोरं पाय धुऊन आली. वास जागच्या जागी. मग पोरं एकमेकांकडं बघायला लागली, पोरी पोरांकडं बघायला लागल्या, आणि कोपऱ्यातल्या मशीनवर बसणारा एक गरीब स्वभावाचा गडी सगळ्यांच्या नजरा सोसंनात म्हणून क्लासच सोडून गेला. त्याचा बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता.

साल होतं दोन हजार तीन. मशीनं मात्र त्याच्याही आधी दहा-बारा वर्षांची. अमृत भोसरीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. तिथं नवी मशीनं आली, जुनी भंगारात निघाली. यानं साहेबाच्या मागं लागून ती पदरात पाडून घेतली, कांदा खाली करून परत निघालेल्या टेम्पोत घातली, नोकरीला रामराम ठोकला आणि ओतूरच्या अलीकडं वाडीत, घराच्या रस्त्याकडंच्या खोलीत क्लास काढला. पाच मशीनं. त्यातली दोन चालायची, दोन त्यांच्या मनात आलं तर चालायची, आणि पाचवं नुसतं मोठेपणासाठी मांडलेलं. प्लास्टिक विडी ओढणाऱ्याच्या दातासारखं पिवळं पडलेलं. पण त्यात एक होतं, उभ्या डब्याचं आणि रंगीत पडद्याचं. ते म्हणजे अमृतचा जीव की प्राण. त्याचा डबा खाली पाटावर बसवलेला, पडद्यावर आईनं भरतकाम केलेलं झाकण. त्याच्या पुढच्या बाजूची एक पट्टी टेम्पोतच कुठंतरी पडली होती, तिथं हाताएवढं भोक होतं. त्यानं काय बिघडतंय, असं अमृतला वाटायचं.

एरवी त्यानं वासाचं मनावर घेतलं नसतं. घराला लागून गोठा, मागं कांदा साठवायची बराख. असल्या घरात वाढलेल्या माणसाचं नाक तसं समजूतदार असतं. पण आता प्रश्न लग्नाचा होता.

घोडेगावच्या बाजूच्या एका गावात तो नुकताच आरतीला बघून आला होता. बघून कसला, तिनंच याला बघितलं. मोठी माणसं म्हणाली, काय विचारायचं ते विचारा. यानं पोह्यांतलं खोबरं चिवडत "स्वयंपाक येतो का" असलं काहीतरी पुटपुटलं. आरती म्हणाली, "येतो. तुमच्या क्लासला मशीनं कुठली आहेत?" मंचरला तिनं कोर्स केलेला. यानं छाती फुगवून पाचही मशीनं सांगितली, पाचवंसुद्धा. त्यावर ती म्हणाली, "मला रानात जायची लाज नाही. पण लग्न झाल्यावर क्लासला शिकवायला मी बसणार. चालेल का?"

चालेल का! अमृतला वाटलं, उठावं आणि खोलीची किल्ली आत्ताच्या आत्ता हिच्या हातात द्यावी. घरी आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी तोडता तोडता थांबायचा आणि एकटाच हसायचा. रखमाजीनं, म्हणजे त्याच्या बापानं, एकदा त्याच्या पुढ्यातलं ताट काढून म्हशीपुढं ठेवलं, तरी याला पत्ता नाही.

पण आरतीचे वडील हौशीराम पक्के माणूस. म्हणाले, आधी घर बघू, रान बघू, आणि हो, तो तुमचा क्लास बघू. मग बोलू. बरोबर त्यांची बहीण सरूबाई येणार होती. आरतीची आई लवकर गेली, तेव्हा पोरीला या आत्यानंच वाढवलेलं. त्या घरात सरूबाईनं मान हलवल्याशिवाय पान हलत नाही, अशी बातमी मध्यस्थानं आधीच आणली होती. मध्ये एक रविवार सोडून पुढच्या रविवारी पाव्हणे येणार, असं ठरलं.

आणि इकडं क्लासात हा वास.

अमृतनं फरशी फिनेलनं पुसली. फिनेल आणि तो वास दोघं गळ्यात गळे घालून राहिले. मोगऱ्याची उदबत्ती लावली, तर मोगऱ्याच्या बागेत काहीतरी मेलंय असं वाटायला लागलं. शेवटी त्याच्या ध्यानात आलं, की रंगीत पडद्याचं मशीन चालू केलं की वास वाढतो. मागचा पंखा फिरतो आणि गरम गरम भपकारा थेट नाकात येतो. त्यानं मशीन बंद केलं, पेचकस घेतला, बाजूचा पत्रा काढला आणि असा काही ओरडला, की रस्त्यानं चाललेल्या एकानं सायकल टाकून दिली.

आत चिचुंद्री होती. लांब नाकाची, बारक्या डोळ्यांची, प्रिंटरच्या कागदाच्या भोकाभोकांच्या पट्ट्या कातरून त्याची गादी करून ऐसपैस पसरलेली. पोटाशी पाच-सहा पिलं, लालबुंद, शेंगदाण्याएवढी. दिवाळीच्या सुट्टीत तिनं भोकातनं आत येऊन सगळा संसार थाटला होता. तिनं अमृतकडं तोंड करून चिक् चिक् केलं, आणि वास दुप्पट झाला.

ओरडा ऐकून साळुबाई हात पुसत आली. साळुबाई म्हणजे अमृतची आई. वाडीतल्या निम्म्या बाळंतिणी हिच्या हाताखालनं गेलेल्या. कुणाला कळा लागल्या की आधी साळुबाईला हाक, मग जीपला. ती वाकली, आत डोकावली आणि डोक्यावर पदर घेतला.

"अगं बाई! बाळंत झाली की!"

"आई, सुपली दे. टाकून येतो."

"कुणाला टाकतू?" साळुबाई सरळ झाली. "बाळंतीण हाय ती. वली बाळंतीण कुणी घराभाईर काढीत न्हाई. झाक ते."

"आई, कॉम्प्युटर आहे तो!"

"असू दे. तिला काय म्हाईत? तिला उबारा दिसला, ती बसली. झाक म्हणते ना, पोरांना वारं लागंल."

अमृतनं बापाकडं बघितलं. रखमाजी दारात उभा राहून नाकाला टॉवेल लावून मजा बघत होता. "आगं," तो म्हणाला, "गणपतीचा उंदीर असता तर गोष्ट निराळी. ही चिचुंद्री. हिच्यावर कुठला देव बसत न्हाई."

"देव बसत न्हाई म्हणून हिला बाळंत व्हायचा अधिकार न्हाई व्हय?" साळुबाई कडाडली. "देवाला बसायला जागा केली तरच बाईमाणसाची किंमत, आसंच ना तुमचं?"

रखमाजीनं टॉवेल नाकावरनं तोंडावर घेतला आणि म्हशीकडं गेला. असल्या वेळी म्हशीकडं जाण्याचा त्याला दांडगा अनुभव होता.

झालं. क्लास बंद. पोरं कालवा करतात, बाळंतिणीला झोप लागत नाही. दाराला पडदा. साळुबाई सकाळ-संध्याकाळ वाटीत दूध-भाकरी कुस्करून भोकापाशी ठेवायची. एवढ्यावर भागलं असतं तर अमृतनं सोसलं असतं. पण तिसऱ्या प्रहरी बघतो तर आई शेगडीत निखारे घेऊन खोलीत बसलेली, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकतेय, आणि धूर पदरानं डब्याकडं घालतेय. माणसाच्या बाळंतिणीला देतात तशी रीतसर धुरी! खोलीत आता चिचुंद्री, फिनेल, मोगरा आणि ओवा, असा वास झाला. त्या वासाला नाव नाही. रस्त्यानं जाणारी माणसं त्या खोलीपाशी आली की बोलता बोलता थांबायची आणि पुढं जाऊन परत बोलायला लागायची.

"आई, पाव्हणे यायचेत गं," अमृत काकुळतीला आला. "त्या खोलीत बसवायचंय त्यांना. डबा नुसता उचलून बराखीत ठेवतो. बराख रिकामीच आहे."

"गार वाऱ्यात? पिलांचं डोळं उघडायचंत अजून."

"अगं, माझ्या लग्नाचं काय?"

"तुझं लगीन हितं न्हाई तर दुसरीकडं व्हईल," साळुबाई थंडपणानं म्हणाली. "तिनं दुसरं घर कुठं शोधायचं, ल्हान ल्हान पोरं घिऊन?"

दुसरीकडं! त्याला दुसरीकडं नको होतं. त्याला आरतीच पाहिजे होती, तीच, मशीनं कुठली आहेत विचारणारी. आणि ती एका चिचुंद्रीपायी हातची जाणार, या विचारानं त्याला रडायला यायचं. सख्ख्या आईला हे कळू नये? कळत होतं, पण तिच्या लेखी तो धडधाकट होता आणि चिचुंद्री बाळंतीण होती. विषय संपला.

पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी संकष्टी आली. साळुबाई आणि रखमाजी सकाळच्या एस्टीनं लेण्याद्रीला गेले, पोराचं लग्न जमू दे म्हणून गिरिजात्मजाला साकडं घालायला. एस्टी वळणाआड गेली आणि अमृतनं सूरजला हाक मारली. सूरज त्याचा दोस्त, ओतूरला टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा. दुरुस्त होवो न होवो, उघडायला तो कधी मागंपुढं बघायचा नाही.

"लेका, आई तिकडं उंदीरवाल्याच्या पाया पडतीये," सूरज तोंडाला रुमाल बांधत म्हणाला, "आन् तू हितं त्या उंदराच्या मेव्हणीला घराभाईर काढतू."

"उंदीर नाही ती."

"मेव्हणी म्हणलं मी."

टोमॅटोचं क्रेट आणलं. त्यात जुनं गोधडीचं फडकं टाकलं. अमृतनं हाताला पिशवी गुंडाळून ती कागदाची गादी पिलांसकट उचलली. पिलांना आता करडी लव आली होती. चिचुंद्रीनं उडी मारून त्याच्या अंगठ्याला चावा घेतला आणि टेबलामागं पळाली. तिला हुसकून दाराबाहेर घालवली, क्रेट बराखीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. ठेवताना एक पिलू पट्ट्यांतनं वर तोंड करून हवा हुंगत होतं. अमृतनं तिकडं बघायचं टाळलं. तिथनं परत येताना मात्र तो भरभर चालला, आणि त्याला आपलाच राग आला.

मग दोघांनी मशीन सोलून काढलं. एकेक सर्किटची पाटी, एकेक वायर बाहेर. तळाला मुताचे पांढरे थर, पंख्याच्या पात्यांना केसाळ चिकटा, आणि सगळ्याच्या खाली कंपनीतल्या कारकुनांच्या सिगरेटींचं जुनं पिवळं मेण. "हे बघ," सूरज म्हणाला, "चिचुंद्री आत्ता आली. हे तुझं साहेब लोक हितं धा वर्सं मुतत व्हतं." आतल्या पाट्या दातांच्या जुन्या ब्रशनं स्पिरिट लावून घासल्या. पत्रा खायच्या सोड्यानं आणि लिंबानं चोळला. वीजपुरवठ्याच्या डबीला हात लावू नको असं अमृत म्हणेपर्यंत सूरजनं हात लावला, एक लांबलचक शिवी हासडली आणि मग लावला नाही. कीबोर्डची बटणं उपटून साळुबाईच्या पिठाच्या परातीत साबणाच्या पाण्यात भिजत घातली. सगळं गच्चीवर उन्हात वाळवलं. जोडल्यावर डब्याच्या पोटात वाटीभर लोणारी कोळसा ठेवला, राहिलासाहिला वास ओढून घ्यायला. भोकाला पुठ्ठा ठोकला. संध्याकाळी अमृतनं डब्याला नाक लावलं. काही नाही. लिंबाचा मंद वास, बस्स. मशीन चालूही झालं. त्यानं सूरजला मिठीच मारली.

एक घोटाळा मात्र झाला, तो उशिरा कळला. कीबोर्डची बटणं सूरजनं बसवली होती, आणि कुठलं कुठं होतं ते न आठवल्यामुळं त्यानं ती सरळ शाळेत शिकवतात तशी एबीसीडीच्या ओळीनं बसवली होती.

साळुबाई प्रसाद घेऊन आली ती पदराखाली दुधाची वाटी घेऊनच खोलीत शिरली. लखलखीत मशीन, भोकाला पुठ्ठा.

"गेली ती," अमृत दाराकडं बघत म्हणाला. "सकाळीच. आपली आपण. पोरं घेऊन."

साळुबाईनं त्याच्याकडं बघितलं. अंगठ्याला चिंधी बांधलेली तिला दिसली. वाटी घेऊन बाहेर गेली, आणि रात्री अमृतला वाढताना तिनं आमटी वाढली नाही, पातेलं नुसतं त्याच्याकडं सरकवलं.

रविवारी जीप आली. हौशीराम उतरले, पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्री. मागून सरूबाई, उंच, किडकिडीत, नऊवारी, बोलणं कमी. त्यांनी रान बघितलं, विहीर बघितली, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. मग मंडळी क्लासात बसली. पोहे झाले, चहा झाला. अमृतनं मशीन चालू केलं. पडदा उजळला, रंग आले. हौशीरामांच्या भुवया वर गेल्या.

"वास बी चांगला येतोय खोलीला," ते म्हणाले. अमृतला धन्य धन्य वाटलं.

"बसा ना दादा, तुम्हीच चालवून बघा. नाव लिहा तुमचं."

हौशीराम खुर्चीवर बसले. एक बोट पुढं केलं आणि खूश झाले. "आरं, हे लई सोपंय राव! ओळीनंच हायेत सगळी. आमची आरती म्हणायची सापडत न्हाईत म्हणून." त्यांनी शोधून शोधून आपलं नाव इंग्रजीत दाबलं. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच देशातल्या माणसाचं नाव नव्हतं. अमृतनं कीबोर्डकडं बघितलं आणि सूरजचं काम त्याच्या ध्यानात आलं. हौशीराम पडद्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "इंग्रजीत असंच लिहित्यात का?" आणि कुणी काही सांगायच्या आत सरूबाईनं पाय वर घेतले.

"आगं बया, हे काय?"

उंबऱ्यावरनं चिचुंद्री आत येत होती. एकटी नव्हे. तिची शेपटी पहिल्या पिलानं तोंडात धरलेली, त्याची दुसऱ्यानं, दुसऱ्याची तिसऱ्यानं, अशी सगळी माळ तिच्यामागं सरपटत होती, एका दोरीत ओवल्यासारखी. बराखीतनं अंगण ओलांडून, म्हशीच्या पायांखालनं, माणसांच्या चपलांमधनं ती आपल्या घरी निघाली होती. कुणाकडं न बघता ती भिंतीकडंनं सरळ पाटापर्यंत गेली आणि पुठ्ठ्यावर नखं मारायला लागली. खर्र खर्र. मागची पिलं तशीच एकमेकांना धरून उभी. आणि तो जुना, ओळखीचा वास खोलीभर पसरला.

"बटण बंद कर!" साळुबाई ओरडली. "शाक बसून मरंल ती!"

अमृत जागचा हलला नाही. पडद्यावर हौशीरामांचं भलतंसलतं नाव लुकलुकत होतं, आणि त्याला एवढंच कळत होतं, की आता सगळं संपलं. रखमाजी उठला आणि त्यानं भिंतीतनं वायरच ओढली. पडदा विझला.

"आपली आपण गेली म्हणला व्हता मला," साळुबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "माझ्या पोरानं देवाच्या दिशी खोटं सांगितलं मला." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाव्हण्यांसमोर असं रडू नये वगैरे तिच्या मनात आलंच नाही. तिनं पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं, कागदाची गादी, धुरी, दूध-भाकरी, सगळं. हौशीराम नाकाला उपरणं लावून ऐकत होते. ते उठायच्या बेतात होते, तेवढ्यात सरूबाई अमृतकडं वळली.

"का काढली रं?"

"तुम्ही येणार म्हणून," अमृत म्हणाला. आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? "वास येत होता. तुम्ही नाही म्हणाला असतात. आरती... मला आरतीच पाहिजे होती."

"उद्या आमची आरती बाळंत व्हईल," सरूबाई म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीला वास येतो. दुधाचा येतो, शेकाचा येतो, पोराच्या लंगोटाचा येतो. आन् त्या दिशी तुझं कुणी मोठं पावणं यायचं असलं, मंग?"

"ती काय चिचुंद्री आहे का?" अमृत म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं, की याच्याइतकं बिनडोक वाक्य तो आजवर बोलला नव्हता.

"मी व्हते," सरूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "माझ्या नणंदंला बघायला पावणं यायचं व्हतं. माझ्या खोलीला वास येतो म्हणून मला हलवली गोठ्यात. आठवड्याचं पोर पदरात. माघाची थंडी. ऱ्हायलं न्हाई ते. नणंदेचं लगीन जमलं मातर."

हौशीरामांनी नाकावरचं उपरणं काढलं आणि बहिणीकडं बघायचं सोडून स्वतःच्या पायांकडं बघायला लागले. अमृतला त्या बराखीतल्या क्रेटमधलं वर तोंड करून हुंगणारं पिलू आठवलं. तो खाली बसला, पुठ्ठ्याचे खिळे बोटांनी उपटले, एक बोट फाडून घेतलं आणि पुठ्ठा बाजूला केला. चिचुंद्री आत गेली. मागं एकेक करून सगळी माळ. शेवटचं पिलू काठावर अडकलं, मागचे पाय हलवत राहिलं. अमृतनं त्याला बोटानं आत ढकललं.

"आमच्या घरात आसं व्हायचं न्हाई, बाई," साळुबाई डोळे पुसत म्हणाली. "मी हाये. ज्याला वास सोसत न्हाई, त्यानं गोठ्यात निजायचं."

"खरंय," रखमाजी वायर गुंडाळत म्हणाला. "ह्याच्या वेळंला मी सव्वा म्हैना निजलोय. म्हशीची बी तक्रार नव्हती."

हौशीरामांना हसू आवरेना. सरूबाई हसली नाही. तिनं अमृतच्या रक्ताळलेल्या बोटाकडं बघितलं, साळुबाईकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग भावाला म्हणाली, "दादा, सुपारी काढा. पोरगी ह्या घरात द्यायची. पोराकडं बघून न्हाई, सासूकडं बघून. पोराचं बघू पुढं."

अमृतला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. हौशीरामांनी खिशातनं सुपारी काढल्यावर त्याला वाटलं, चुकीचं बघितलं. मग त्याच्या अंगातनं असा काही आनंद सळसळत गेला, की पाव्हण्यांसाठी काहीतरी केलंच पाहिजे म्हणून तो उठला. खोलीत वास आता चांगलाच मुरला होता, हौशीरामांचे डोळे पाणावले होते. अमृतनं पुढं होऊन खिडकीची कडी काढली.

"ए, खिडकी उघडू नको!" साळुबाई आणि सरूबाई एकदमच ओरडल्या. "पोरांना वारं लागंल!"

अमृतनं खिडकी घट्ट लावली, आणि सुपारी त्याच वासात फुटली.